सुभेदाराची शिंक

आमच्या ह्यांना अख्खी सोसायटी 'सुभेदारकाका' म्हणते. नवीन राहायला आलेल्यांना वाटतं, फौजेत होते वाटतं. फौजेत कसले! पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कारकून होते, आणि तिथली त्यांची सगळ्यात मोठी लढाई म्हणजे पंख्याखालचं टेबल. सुभेदार हे एका गाढवाचं नाव आहे. त्या गाढवाची शिंक ह्यांनी काढली, असा तेहतीस वर्षांचा लौकिक आहे ह्यांचा.

नाव अनंत खांबेटे, वय एकाहत्तर, मुक्काम बिबवेवाडी, दुसरा मजला. मी त्यांची बायको, कुसुम. सगळं मीच सांगणार. ह्यांना सांगायला बसवलं तर शिंकेपर्यंत पोचायला दुपारचा चहा होतो, आणि चहा परत मलाच करावा लागतो.

तर, संध्याकाळच्या एका पेपरात शेवटच्या पानावर 'मिरी' नावाची चित्रमालिका यायची. रोज तीन चौकटी. मिरी म्हणजे सात वर्षांची, दोन शेंड्यांची, नाकाच्या शेंड्यावर राग असलेली मुलगी. तिनं कुत्रं पाळलं नव्हतं, मांजर पाळलं नव्हतं, पाळलं होतं गाढव. तोच सुभेदार. लोक पेपर मागच्या पानापासून उघडायचे. मग ब्याण्णव साली त्यावरून टीव्हीसाठी बावीस मिनिटांचं कार्टून केलं, खास दिवाळीसाठी, 'मिरीची दिवाळी'. तेव्हापासून दर नरक चतुर्दशीला सकाळी साडेसातला ते लागायचं. उटणं, अभ्यंगस्नान, पायाखाली कारीट फोडणं, फराळाचं ताट आणि मिरी, हा क्रम घराघरांत ठरलेला. मिरी बघितल्याशिवाय चकलीला हात लावायचा नाही, असं आमच्या खालच्या मजल्यावरच्यांकडे तर नियमच होता.

गोष्ट अगदी साधी. गल्लीतली मुलं दिवाळीचे किल्ले करतात. मिरीचा किल्ला म्हणजे फुटकी कुंडी, ओलं पोतं आणि दोन मावळे, त्यातल्या एकाला मुंडकं नाही. समोरच्या बंगल्यातल्या मुलाचा किल्ला मात्र कारंज्यासकट. पहाटे सुभेदार त्या मोठ्या किल्ल्यावर पेरलेले हळीव खायला जातो, नाकात रांगोळी जाते आणि तो शिंकतो. कसा शिंकतो म्हणता! गल्लीतल्या पणत्या विझतात, आकाशकंदील उलटा होतो, किल्ला भुईसपाट. आणि शिंकून झालं की गाढव धप्पकन खाली बसतं आणि इकडेतिकडे बघतं, जसं काही दुसऱ्याच कुणीतरी शिंकलं. त्या बसण्यावर माणसं पोट धरधरून हसायची. शेवटी सगळी मुलं मिळून एकच किल्ला बांधतात आणि बुरुजावर तो बिनमुंडक्याचा मावळा उभा करतात.

आता खरं सांगते. ती शिंक माझी आहे.

माझी शिंक लहानपणापासूनच बदनाम. अंगानं मी चवळीची शेंग, आणि शिंक मात्र तोफखान्यातली. साताऱ्याच्या एका स्थळानं मला शिंकेपायी नाकारलं. पोह्यांचा ट्रे हातात, मोहरीचा धूर नाकात, काय करणार? मुलाच्या वडिलांच्या हातातली बशी पडली. निरोप आला, 'मुलगी चांगली आहे, पण आमचं घर लहान आहे.'

आणि नशीब बघा, पडले ती खांबेट्यांच्या घरात. ह्या घरात शिंकेचं मोठं शास्त्र. कुणी बाहेर निघालं आणि मागून शिंक झाली, की निघायचं नाही. खाली बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग उठायचं. सासूबाईंचा कडक नियम. ह्यांच्या तर हाडीमांसी खिळलेला. शिंक कानावर पडली की ह्यांचं बूड टेकलंच, मग बँक असो नाहीतर लग्नाचा मांडव. एकदा स्वारगेटला कुणी अनोळखी बाई शिंकली, तर हे बसस्टॉपवरच मांडी घालून बसले आणि बस निघून गेली. मी दांडीला लटकून आत, हे खाली. पुढच्या थांब्यावर उतरून मला परत यावं लागलं.

ह्यांची कचेरीची वेळ आणि माझ्या फोडणीची वेळ एकच, सव्वानऊ. हे चप्पल घालायचे आणि आतून मी शिंकायचे. हे बसायचे. उठायचे, मी परत शिंकायचे. ह्यांच्या निम्म्या लेटमार्कांची धनी मी आहे. सासूबाई म्हणायच्या, "बाईच्या जातीनं असं शिंकतात होय गं? पदर लाव, पदर!" मी पदर लावायला शिकले. शिंक आली की पदराचा बोळा नाकावर दाबायचा आणि सगळं गिळून टाकायचं. कान गच्च व्हायचे, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, पण घर शांत.

तरी अधूनमधून एखादी निसटायचीच. आमच्या वरच्या मजल्यावर सलिल गोरे राहायचे. ते ध्वनिमुद्रणाचं काम करायचे. त्या मिरीच्या कार्टूनचे आवाज तेच मुद्रित करत होते. गाढवाचं ओरडणं एका नाटकातल्या नटानं करून दिलं, पण शिंकायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, घसा बसतो, मी नाही. सलिलभाऊ अडले. एका सकाळी जिन्यात सगळ्यांच्या देखत त्यांनी विचारलं, "अहो खांबेटे, तुमच्याकडे अधूनमधून सव्वानऊला शिंकतं कोण? माझ्या खिडकीची काच हलते."

शेजारच्या दोघीतिघी दारात आल्या. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी जमिनीकडे बघायला लागले. आता बिल्डिंगभर हसणार, हे मला कळलं होतं. तेवढ्यात हे म्हणाले, "मी."

एवढंच. मान वर करून, चप्पल एका पायात, एक हातात. त्या एका शब्दासाठी मी ह्या माणसाला पुष्कळ माफ केलंय. ओला टॉवेल गादीवर टाकणं सोडून, ते माफ होणार नाही.

"मग रविवारी स्टुडिओत या," सलिलभाऊ म्हणाले.

आता आली का पंचाईत! लग्नाला दहा वर्षं झाली होती, त्यात ह्यांना मी चारदा शिंकताना बघितलं होतं, आणि तेही मांजरासारखं, 'पिच्' करून. रविवारी मला म्हणाले, "तू चल बरोबर." त्या दिवशी मी वर्षाचं तिखट कांडायला डंकावर गेले होते. तिथूनच तिखटाची पिशवी घेऊन आम्ही शुक्रवार पेठेत पोचलो. स्टुडिओ म्हणजे एका छापखान्याच्या मागची खोली. भिंतींना गोधड्या लावलेल्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, ट्यूब गुणगुणते म्हणून ट्यूब बंद. काळाकुट्ट अंधार. मला कोपऱ्यात स्टुलावर बसवलं. सलिलभाऊ पलीकडे, मध्ये वहीएवढी काच, तिच्यातून त्यांच्या खोलीतला उजेड येईल तेवढाच.

ह्यांनी चिमटी चिमटीनं अर्धी डबी तपकीर ओढली. 'आऽऽ' पर्यंत यायचे आणि पुढचं कुठंतरी परत जायचं. वीस मिनिटं झाली. गुदमरून मी जरा हलले, आणि मांडीवरच्या पिशवीचं तोंड सुटलं. ताजं, गरम तिखट! पदर शोधते शोधते तोवर उशीर झाला.

आऽऽऽक्शूंऽऽ!

दहा वर्षांची साठलेली शिंक ती. आणि शिंक ऐकल्याबरोबर हे धप्पकन खाली बसले. सवय! पलीकडून सलिलभाऊंना काचेतून फक्त ह्यांची सावली खाली कोसळलेली दिसली. धावत आले, म्हणाले, "काय शिंकलात हो अनंतराव! पार बसलात खाली!" हे माझ्याकडे बघायला लागले. तोंड उघडणार होते, मी शपथेवर सांगते, उघडणार होते. मीच ओठांवर बोट ठेवलं. सासूबाईंच्या कानावर गेलं असतं तर मला घरात राहणं मुश्कील झालं असतं.

सलिलभाऊंनी चित्रकारांना सांगितलं, माणूस इतका जोरात शिंकला की बसलाच. त्यांना ते आवडलं. गाढवही मग शिंकून बसलं.

दिवाळी आली. सासूबाई टीव्हीपुढे पाटावर. गाढव शिंकलं आणि सासूबाई अशा हसल्या, अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, "अनंता, शिंकावं तर असं! मोकळ्या मनानं!" मी स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी होते. त्या दिवशी मला फार रडू आलं. अनारसे तळताना आलं, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

पुढे ह्यांचं काय झालं ते ऐका. पहिल्या वर्षी लोक कौतुक करायचे तेव्हा हे लाजायचे. दुसऱ्या वर्षी नुसते हसायचे. तिसऱ्या वर्षी 'श्वास इथून घ्यायचा असतो' म्हणून बेंबीकडे बोट दाखवायला लागले. गणेश मंडळानं शाल दिली, शाळेनं शाल दिली, ज्येष्ठ नागरिक संघानं शाल आणि वर नारळ. मुलांना बोधही करायचे, "शिंक ही आतून यावी लागते." मी मागे चहाचा ट्रे घेऊन उभी. आतून म्हणजे कुठून हो, असं विचारावंसं वाटायचं. पण चारचौघांत नवऱ्याला पाडायचं नाही, हे आमच्या पिढीला शिकवलेलं. बरं, घरी मी विषय काढला नाही, ह्यांनीही काढला नाही. तेहतीस वर्षं!

मध्ये आठेक वर्षं मिरी टीव्हीवर लागेनाशी झाली. सासूबाई गेल्या, सलिलभाऊ मुलीकडे परदेशी गेले. मला वाटलं, संपलं एकदाचं. आणि ह्या नवरात्रात फोन आला.

सलोनी नावाची मुलगी होती, आवाजाचं काम करणारी. हे फोन नेहमी स्पीकरवर टाकून बोलतात, म्हणजे समोरच्या बिल्डिंगलाही कळावं. ती म्हणाली, "काका, आम्ही 'मिरीची दिवाळी' रिस्टोअर करतोय! नरक चतुर्दशीला परत लागणार, साडेसातलाच. पण साउंडच्या टेपला फंगस लागलाय. बाकी सगळं वाचलं, फक्त शिंक गेली. पुढच्या गुरुवारी येऊन तुम्ही सेम शिंक परत द्याल? नाहीतर आम्हाला कॉम्प्युटरवरची कुठलीतरी लावावी लागेल."

"अगदी! कधीही!" हे म्हणाले. फोन ठेवला आणि चेहरा पांढराफटक, थेट खडूच.

मी भाजी निवडत होते. निवडतच राहिले. मनाशी ठरवलं, ह्यांनी तोंडानं मागितलं तर देईन. 'कुसुम, शिंक तुझी, तूच चल,' एवढं एक वाक्य म्हणा आणि घेऊन जा. नाही म्हटलंत, तर शिंकू दे कॉम्प्युटरला. मला काय पडलीय! पण खरं सांगू? पडली होती. त्या टेपवरची शिंक गेली म्हणजे माझी गेली. जगात माझ्या शिंकेला टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच एका ठिकाणी, मग नाव कुणाचं का असेना.

आणि ह्यांनी काय केलं? प्रयत्न सुरू केले. पहिल्या दिवशी गच्चीवर जाऊन सूर्याकडे बघत बसले. शिंक आली नाही, संध्याकाळपर्यंत हिरवे ठिपके दिसत राहिले. दुसऱ्या दिवशी लोकरीचा धागा वळून नाकात. तिसऱ्या दिवशी पोटमाळा झाडला. गेली अकरा वर्षं मी म्हणत होते, पोटमाळा झाडा, तेव्हा नाही झाडला. शिंका सगळ्या मी काढल्या, पदरात. चौथ्या दिवशी सोसायटीत बातमी फुटली की सुभेदारकाका रियाज करतायत. सेक्रेटरींनी लगेच नोटीस लावली, 'नरक चतुर्दशीस सकाळी सात वाजता हॉलमध्ये जमावे. साडेसातला मोठ्या पडद्यावर मिरीची दिवाळी. काकांचा सत्कार. सातनंतर येणाऱ्यांनी दारातूनच परत जावे.'

तळमजल्यावरचा उत्तरेश्वर हिंगोलीकडचा, कारखान्यात शिफ्टला जातो. मोठ्या मनाचा माणूस. तो पुडी घेऊन वर आला. "काका, ही नाकशिंकणी हाय. आमच्या शेताच्या बांधाला येती. नुसती हुंगा, गाढवच काय, हत्ती शिंकंल."

ह्यांनी हुंगली. डोळे लाल झाले, नाक वाहायला लागलं, कान हलले, आणि उचकी लागली. उचकी दोन तास थांबली नाही. उत्तरेश्वर डोकं खाजवत म्हणाला, "काका, तुमचं नाक हाय का दगड?"

"सवयीचं नाक आहे," हे उचकत म्हणाले. "मोठा कलावंत असा लगेच... उक्... शिंकत नसतो."

मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

बुधवारी हे स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. बराच वेळ ओट्यावरचा डबा उघडला, लावला, उघडला, लावला. मग म्हणाले, "कुसुम..."

"काय?"

"आज... आमटीत मीठ कमी आहे."

"आमटी अजून केलीच नाहीये."

"हं," म्हणाले आणि बाहेर गेले. मी हातातलं भांडं आपटलं. अहो, एक वाक्य! एक वाक्य बोलायला माणसाची जीभ इतकी जड व्हावी?

गुरुवारी सकाळी हे मला न सांगता बाहेर गेले आणि अर्ध्या तासानं आले. कुठे गेला होतात म्हटलं, तर पाय मोकळे करायला. मग शर्टाची बटणं लावता लावता भिंतीकडे बघून म्हणाले, "तू येतेस ना?"

"मी कशाला?"

"अशीच. सोबत."

गेले. का गेले, विचारू नका. इतक्या वर्षांची सवय.

नवा स्टुडिओ कोथरूडला, पाचव्या मजल्यावर. गोधड्यांच्या जागी भिंतींना काळा स्पंज. सलोनी पंचवीस-सव्विसाची असेल, गळ्यात हेडफोन, पायात दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. ह्यांना बघून वाकून नमस्कार केला. म्हणाली, "काका, तुम्ही लेजंड आहात! मी लहानपणी तुमच्या शिंकेवर मोठी झालेय. नो प्रेशर हं, आरामात."

हे माइकसमोर उभे राहिले. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत. सलोनी आमच्यातच, एका टेबलापाशी. ह्यांनी पाय फाकवले, बेंबीतून श्वास घेतला, मान मागे टाकली.

"काका, हा खोकला आहे," सलोनी म्हणाली.

परत.

"काका, ही जांभई झाली."

अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी ह्यांनी नुसतं तोंडानं 'आक्शू' असं म्हणून बघितलं, पाढे म्हणावेत तसं. सलोनीनं खाली बघून ओठ चावला. भली मुलगी. म्हणाली, "काका, इट्स ओके. वयानं होतं असं. माझ्याकडे चाळीस रेडीमेड शिंका आहेत, मी ॲडजस्ट करते." आणि तिनं एक लावून दाखवली. कसली मिळमिळीत शिंक! गाढव राहू द्या, सशालाही शोभली नसती. तिनं पडद्यावर गाढवाला ती जोडली. सुभेदार हूं की चूं न करता शिंकला, आणि उगीचच खाली बसला.

हे त्या पडद्याकडे बघत राहिले. मग माइकपासून बाजूला झाले.

"ती काढून टाक," म्हणाले. "आणि मी सांगतो ते ऐक. ती शिंक माझी नव्हती. हिची आहे."

सलोनीनं खुर्ची आमच्याकडे वळवली.

"लोक हिला हसतील म्हणून पहिल्यांदा मी म्हणालो, माझी. ते खरं मनापासून होतं. पुढे लोक टाळ्या वाजवायला लागले आणि मला गोड लागलं. दरवर्षी ठरवायचो, ह्या दिवाळीत सांगू. पाच शाली घेतल्यात मी हिच्या शिंकेवर. आईपाशी तरी सांगायला हवं होतं. आई हसली त्या दिवशीच सांगायला हवं होतं. चुकलो मी, कुसुम."

मी तिथंच विरघळायला हवं होतं. पण माझा स्वभाव! मी म्हटलं, "तेहतीस वर्षं काय मुहूर्त बघत होतात?"

"खाली बसायला शिकवलं घरात," हे म्हणाले. "उठून बोलायला कुणी शिकवलं नाही."

सलोनी एकदम उडालीच. "वेट, वेट! म्हणूनच! काका, मूळ टेपवर शिंकेच्या मधोमध एका माणसाचा आवाज आहे. ऐका." तिनं बटण दाबलं. खरखर, मध्येच तुटलेली माझी शिंक, आणि तिच्यावर तरुण अनंत खांबेट्यांचा स्वच्छ आवाज, "बसा, बसा, शिंक झाली!" कार्टूनमध्ये लावताना सलिलभाऊंनी तेवढा आवाज गाळला असणार, शिंकणाराच बोलला असं समजून. ती म्हणाली, "मी महिनाभर डोकं फोडतेय, की एक माणूस एकाच वेळी शिंकतो आणि बोलतो कसा!"

मग काय, मी माइकसमोर. श्वास घेतला, नाक आकसलं, आणि माझ्या नाकातून आलं, 'पिच्'.

मी घाबरले. परत केलं. 'पिच्'. माझा हात आपोआप पदर घेऊन नाकावर जात होता. चाळीसहून जास्त वर्षं दाबून दाबून ती बिचारी बाहेर यायचंच विसरली होती. गेली, म्हटलं. माझी शिंक गेली. तिथंच मला रडायला यायला लागलं.

तेव्हा ह्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक पुडकं काढलं. गाठ सोडली. वास आल्याबरोबर मी ओळखलं.

"ब्याडगी आणि संकेश्वरी, निम्मी निम्मी," हे म्हणाले. "सकाळी आपल्या नेहमीच्या डंकावरून कांडून आणलं. अजून कोमट आहे."

ह्यांच्या नाकाला तिखटानं काही होत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. म्हणजे ते पुडकं माझ्यासाठी होतं. म्हणजे हे घरूनच ठरवून निघाले होते.

"मग सकाळीच का नाही बोललात?"

"आमटीपर्यंत आलो होतो," हे म्हणाले. मग पुडकं माझ्या नाकाखाली धरलं आणि दुसऱ्या हातानं माझा पदर हळूच खाली केला. "पदर नको लावूस."

आऽऽऽऽक्शूंऽऽऽ!

काय सांगू तुम्हाला! सलोनीनं हेडफोन काढून फेकले. टेबलावरचे कागद उडाले. बाहेरून कुणीतरी दार उघडून बघून गेलं. माझे कान मोकळे झाले, डोकं मोकळं झालं, पोटात कुठंतरी बरीच वर्षं अडकलेलं काहीतरी सुटलं. आणि हे? हे खाली बसले होते, फरशीवर, मांडी घालून, पुडकं छातीशी धरून.

"काका, तुम्ही का बसलात?" सलोनीनं विचारलं.

"अगं, शिंक झाली ना!"

ती हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसली. जाताना तिनं दोघांची नावं नीट लिहून घेतली. काय लिहिलं, ते काही दाखवलं नाही.

नरक चतुर्दशीला सात वाजता हॉल भरला. ओले केस, नवे कपडे, उटण्याचा वास. सेक्रेटरींनी ह्यांना पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी सत्काराची सहावी शाल घडी घालून तयार. मी शेवटून तिसऱ्या रांगेत बायकांत बसणार होते. ह्यांनी उठून माझ्यासाठी शेजारची खुर्ची रिकामी करवली, त्यावर बसलेल्या खजिनदारांना उठवून. खजिनदार अजून बोलत नाहीत आमच्याशी.

मिरी आली. फुटकी कुंडी आली, बिनमुंडक्याचा मावळा आला. सुभेदार हळीव खायला निघाला. आणि शिंकला. अहो, हॉल हादरला! तीच, जुनी, किंवा थोडी जास्तच. गाढव धप्पकन बसलं, इकडेतिकडे बघितलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, "सुभेदारकाका! सुभेदारकाका!" हे मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, गेला धीर परत.

शेवटी पडद्यावर नावं वर सरकायला लागली. एरवी ती कुणी वाचत नाही, लोक चपला शोधायला लागतात. लागलेही. तेव्हा हे उभे राहिले आणि ओरडले, "उत्तरेश्वर! तुझी नजर चांगली आहे. वाच मोठ्यानं. आणि बाकीच्यांनी जागेवर बसा!"

उत्तरेश्वरनं वाचलं, "सुभेदाराची शिंक, कुसुम खांबेटे." तो थांबला. "काका, ह्ये काय हाय?"

"पुढे वाच."

"सुभेदाराचं बसणं, अनंत खांबेटे."

चपला शोधणारे वळून बघायला लागले. हे म्हणाले, "आलं का लक्षात? शिंकली ती. मी नुसता बसलो. तेहतीस वर्षं." आणि ती सहावी शाल उचलून त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली. घडीसकट टाकली, उलगडायचं सुचलं नाही.

टाळ्या सुरू झाल्या. मला काही दिसेना. डोळे भरले, नाक हुळहुळलं, आणि मी ओळखलं, येतेय. एवढ्या लोकांत! माझा हात सवयीनं पदराकडे गेला. ह्यांनी मनगट धरलं. सगळ्यांच्या देखत. लग्नानंतर लक्ष्मी रोडवर कधी माझा हात न धरलेला माणूस हा.

मग मी शिंकले, सोसायटीला पुढच्या दिवाळीपर्यंत पुरेल अशी. अख्खा हॉल हसत हसत खाली बसला, अगदी खजिनदारसुद्धा. आणि सगळ्यांच्या आधी हे बसले.